जात्यापासून वहीपर्यंत

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येत असत. पाथर्डीकडच्या डोंगराळ भागातल्या. वय पन्नाशीच्या पुढे. वर्गातल्या सगळ्याजणी त्यांना आक्का म्हणत, म्हणून आम्हीही त्यांना येथे आक्काच म्हणतो. महिनाभरात आक्का सही करू लागल्या. दोन महिन्यांत एसटीची पाटी वाचू लागल्या. मग एके दिवशी आम्ही फळ्यावर लिहिले, "उद्या प्रत्येकीने स्वतःविषयी पाच ओळी लिहून आणाव्यात."

वर्गात हशा पिकला. आक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदराने पाटी पुसली आणि म्हणाल्या, "गुरुजी, लिहू काय? आमच्या जिण्यात लिहिण्याजोगं हाये काय?"

वाचकहो, हा प्रश्न एकट्या आक्कांचा नाही. तुमच्याही मनात तो आला असेल. सही आली, हिशेब आला, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता आली, की शिकणे संपले असे पुष्कळांना वाटते. लिहिणे हे शिकलेल्यांचे काम. आपण लिहून काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर आमच्या डोक्यातून निघालेले नाही. आपल्या मुलखातल्या बायांनीच ते देऊन ठेवले आहे. त्यांच्याविषयी आज सांगतो.

पण आधी आक्कांनी असे का विचारले ते पाहू. आक्कांचा जन्म ऊसतोडीत गेला. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारचा बीड जिल्हा या भागातली माणसे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा तापू लागला की परत येतात. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा आणि बायको या दोघांना मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर देतो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते, पुन्हा कोपीवर जाऊन भाकरी करते. हिशेबात दोघांचा मिळून कोयता एकच. आक्कांचा नवरा वारला तेव्हा त्या दिराच्या टोळीबरोबर गेल्या. तेथे त्यांना 'अर्धा कोयता' म्हणत. आता सांगा, जिला सारा जन्म लोकांनी आधी कोयत्यातला भाग आणि मग अर्धा कोयता म्हटले, ती स्वतःविषयी पाच ओळी कशा लिहिणार? 'स्वतः' म्हणजे कोण, येथूनच तिची अडचण आहे.

आणि हे ऊसतोडीतच आहे असे नाही. लग्न झाले की बाईचे आडनाव बदलते. कोठे कोठे नावही बदलतात. मग ती अमक्याची सून, तमक्याची आई. नवऱ्याचे नाव तिने घ्यायचे नाही. घ्यायचेच झाले तर उखाण्यात घ्यायचे. गंमत पाहा, नाव घ्यायला बंदी केली, तर बायांनी त्या बंदीतून दोन ओळींचे गाणे काढले.

यावरून जात्याची गोष्ट आठवली. जाते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. खाली एक तळी, वर एक तळी, मध्ये खीळ आणि फिरवायला खुंटा. पहाटे, कोंबडा आरवायच्या आधी, दोघीजणी समोरासमोर बसत. एक हात खुंट्याला, दुसऱ्या हाताने मूठमूठ धान्य तोंडात सोडायचे. जात्याची घरघर सुरू झाली की तोंडातून ओवी निघे. ती कोणी शिकवलेली नसे. आईची ऐकलेली असे, तिच्यात आपली घातलेली असे.

त्या वेळी पुरुष झोपलेले असत. सासू आत असे. जात्याच्या आवाजात शब्द अर्धे बुडत. जे दिवसा बोलले तर भांडण झाले असते, ते पहाटे ओवीत बोलता येई. माहेरची आठवण, भाऊ आला नाही त्याचे दुःख, नवऱ्याचा मार, पोटचे मूल गेल्याचा घाव. सीतेच्या वनवासाच्या ओव्या तर घरोघर. सीतेचे नाव घ्यायचे आणि आपले सांगायचे. पुष्कळ ओव्यांत जात्यालाच देव म्हणून हाक मारलेली असते. कारण उघड आहे. ऐकून घेणारे दुसरे कोणी नव्हते.

या ओव्या वाऱ्यावर गेल्या असत्या. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या पतिपत्नींनी त्या गोळा करायचे मनावर घेतले. गी हे मूळचे फ्रान्सचे. पुण्यास येऊन येथलेच झाले. मावळ-मुळशीच्या डोंगरात गरीब कष्टकऱ्यांचे संघटन करताना त्यांना दिसले, की सभेत तोंड न उघडणाऱ्या बाया जात्यावर बसल्या की मोकळ्या होतात. १९८०च्या पुढे हे काम वाढत गेले. खेड्यातल्या बायांनीच आपल्या आयाबहिणींकडून ओव्या उतरवून आणल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. गी २००४ साली वारले, हेमाताई २०१० साली. त्या ओव्या मात्र आज कोणालाही वाचता येतात, पुष्कळशा बायांच्या स्वतःच्या आवाजात ऐकताही येतात. २०१७ सालापासून 'परी' या संस्थेने त्या मोबाईलवरून ऐकायची सोय केली आहे.

एक लाख! ज्यांना आम्ही मास्तर लोक 'निरक्षर' म्हणत आलो, त्यांची ही रचना. हा आकडा प्रथम वाचला तेव्हा आम्ही थोडे शरमलो, हे कबूल करतो.

पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. बायांच्या हाताचे घट्टे गेले, ते चांगलेच झाले. आमच्या आईने गिरणी आल्यावर जात्याला हात जोडले आणि ते परसात नेऊन ठेवले. पुन्हा दळण दळायला तिला कोणी सांगू शकले नसते. पण जात्याबरोबर ती पहाटेची जागाही गेली. दुःखे गिरणीने दळली नाहीत.

मग ते सांगायचे कोठे? येथे कागद कामास येतो.

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. आमच्या तोंडात अजून नगरच येते, वाचकांनी चालवून घ्यावे. या नगरात १८४२ साली अमेरिकन मिशनच्या लोकांनी 'ज्ञानोदय' नावाचे पत्र काढले. याच नगरात सिंथिया फॅरार नावाच्या बाई मुलींना शिकवीत. सावित्रीबाई फुल्यांनी शिकवण्याचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले, असे सावित्रीबाईंच्या चरित्रांत सांगतात. पुढे सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी पुण्यात शाळा काढल्या. त्या शाळेत मुक्ता नावाची मांग समाजातली एक मुलगी होती. तिने एक निबंध लिहिला. तो १८५५ सालच्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापला गेला. विषय होता मांग आणि महार लोकांचे दुःख.

त्या मुलीच्या हातात लेखणी येऊन तीन-चार वर्षेच झाली होती. शाळेतला निबंध म्हणजे गाय, आंबा, आमचे गाव, असे आपण समजतो. या मुलीने आपल्या वस्तीतली बाळंतीण लिहिली. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, थंडीवाऱ्यात तिचे काय होत असेल, याचा विचार करा, असे तिने शिकल्यासवरल्या वाचकांना बजावले. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा रोखठोक प्रश्न तिने केला. आणि आपल्या लोकांना सांगितले, की तुम्ही आजारी आहात आणि ज्ञान हे तुमचे औषध आहे. औषध! शाळेत जाणाऱ्या मुलीने हा शब्द वापरला. आम्ही चाळीस वर्षे शाळेत काढली, पण शिक्षणाला औषध म्हणायचे आम्हाला सुचले नव्हते. आजारी माणसालाच ते सुचते.

आता आपल्या संगमनेर तालुक्यात चला. हिवरगाव पावसा या गावची पवळाबाई. महार समाजात जन्मलेली. तमाशात पूर्वी नाच्या पोर्‍या बाईचे काम करी; तेथे बाई उभी राहिली ती पवळा, असे जुने लोक सांगतात. पठ्ठे बापूराव लावण्या रचीत आणि पवळा त्या गाई. बापूराव मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे. दोघांचे नाव मुंबईपर्यंत गाजले. पवळेची कला मोठी, यात शंका नाही. पण लावण्या बापूरावांच्या आणि गळा पवळेचा. हजारो लोकांनी तिला पाहिले, ऐकले. तिची हकिकत मात्र पुढे दुसऱ्यांनी लिहिली, नाटके दुसऱ्यांनी केली. गळा आपला असणे वेगळे आणि शब्दही आपले असणे वेगळे, एवढेच दाखवायला आम्ही तिचे नाव घेतले. तिच्याविषयी आदर आहेच.

शब्दही आपले, अशी बाई पाहायची तर राहुरीला जावे लागेल. लक्ष्मीबाई टिळक. यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा, घर ब्राह्मणाचे. तेव्हा जातीने त्या खालच्या मानलेल्या नव्हत्या. पण नवरा असून टाकल्यासारखी झालेली बाई कोणत्याही जातीत उंबऱ्याबाहेरचीच असते. बाराव्या वर्षाच्या आतबाहेर लग्न झाले. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. अक्षरे कळली ती नवऱ्याकडून. नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. माणूस मोठा, स्वभाव लहरी. १८९५ साली टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म घेतला. लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. लहान मूल घेऊन काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, नातलगांच्या आसऱ्याने. लोक कीव करीत, लोक हसत. शेवटी त्या टिळकांकडे परत आल्या. वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या या बाईने हळूहळू सोवळेही सोडले, जातही सोडली. १९०० साली राहुरीला त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पुढे बरीच वर्षे नगरला संसार केला, दुसऱ्यांची पोरे आपली म्हणून वाढवली.

टिळक १९१९ साली वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आणि म्हातारपणी आपली गोष्ट लिहिली. तिचे नाव 'स्मृतिचित्रे'. १९३४ सालापासून ते पुस्तक भागाभागाने छापून आले. १९३६ साली त्या गेल्या.

ते पुस्तक तुम्ही पुढे वाचालच. आम्ही एवढेच सांगतो, की त्यात रडगाणे नाही. घरात ओट्यावर बसून बाई बोलते तसे आहे. स्वतःची फजिती सांगताना लक्ष्मीबाई स्वतःच हसतात. ज्या दुःखाने एके काळी जीव द्यावासा वाटला असेल, ते त्या अशा सांगतात की वाचणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो. हे कसे झाले? दुःख लहान नव्हते. पण ते पानावर आले तेव्हा लक्ष्मीबाई त्याच्या बाहेर उभ्या राहून त्याच्याकडे पाहू शकल्या. मोठमोठ्या पंडितांची त्या काळची पुस्तके आज कोणी उघडत नाही. हे पुस्तक अजून खपते.

आता आक्कांकडे येतो. आणि आमची चूक सांगतो.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी पाच ओळी आणल्या. दिनदर्शिकेच्या पानाच्या पाठीमागे लिहिलेल्या. अक्षर मोठे, ओळ खाली उतरत गेलेली. त्यात लिहिले होते, की त्यांची पहिली मुलगी उसाच्या फडात झाली. त्या दिवशी मोळ्या कमी भरल्या म्हणून बोलणी खावी लागली. मुलगी अकरा दिवस जगली. तिचे नाव ठेवलेले कोणाला माहीत नाही, पण आक्कांनी मनात ठेवले होते. शेवटच्या ओळीत ते नाव होते.

आणि आम्ही काय केले? सवयीने खिशातून लाल पेन काढले. 'व्हती'चे 'होती' केले. 'न्हाई'चे 'नाही' केले. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. शेवटच्या ओळीतले नाव बोलीतले होते. तेही आम्ही शुद्ध करून वर लिहून दिले. कागदावर लाल खुणा अठरा झाल्या. खाली 'छान' असा शेरा मारला आणि पान परत दिले.

आक्का पुढचे पंधरा दिवस वर्गाला आल्या नाहीत.

आम्हाला वाटले शेतात काम असेल. मग वर्गातल्या एकीने सांगितले तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो. आक्का गोधडी शिवत बसल्या होत्या. बसा म्हणाल्या, चहा ठेवला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुमी लिवलं ते नाव कुनाचं? माझ्या पोरीचं न्हाई ते."

आम्हाला उत्तर सुचले नाही. जगात त्या मुलीचे एवढेच उरले होते, एक नाव. ते आम्ही खोडून दुसरे लिहिले होते. (ते नाव आम्ही येथे छापीत नाही. ते आक्कांच्या कागदावरच राहू द्यावे.)

त्या गोधडीविषयी दोन शब्द सांगतो, कारण त्या दिवशी आम्ही ती नीट पाहिली. मध्ये एक हिरवा तुकडा होता. तो आक्कांच्या आईच्या लुगड्याचा. कडेला नवऱ्याच्या धोतराची पट्टी. दोन तुकडे पोरांच्या सदऱ्यांचे. बारीक धावदोरा, मुंगी चालावी तसा. अक्षर येण्याच्या आधी चाळीस वर्षे आक्का आपली हकिकत अशी लिहीत होत्या आणि आम्ही त्यांना म्हणत होतो, स्वतःविषयी पाच ओळी लिहा. कोकणातल्या लेखिका ऊर्मिला पवार यांनी आपल्या आत्मचरित्राला 'आयदान' नाव दिले आहे. २००३ सालचे पुस्तक. आयदाने म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपल्या. त्यांची आई ती विणून पोरे वाढवी. आईचे विणणे आणि आपले लिहिणे ही एकाच जातीची कामे आहेत, असे त्यांना वाटले. त्या दिवशी ती गोष्ट आम्हाला पटली.

घरी येऊन आम्ही कपाटातली दोन पुस्तके काढली. एक बेबीताई कांबळे यांचे, 'जिणं आमुचं'. दुसरे शांताबाई कांबळे यांचे, 'माज्या जल्माची चित्तरकथा'. दोन्ही पुस्तकरूपाने १९८६ साली आली. नावे पुन्हा वाचा. 'माझ्या' नाही, 'माज्या'. 'जन्माची' नाही, 'जल्माची'. पुस्तकाच्या पाठीपोटावर, मोठ्या अक्षरात, जसे तोंडात तसे. शांताबाई स्वतः शिक्षिका होत्या बरे का! शुद्धलेखन त्यांना येत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिहायला घेतले आणि आपल्या आयुष्याला आपल्याच बोलीत नाव दिले. आम्ही हे पुस्तक पूर्वी वाचले होते. तरी लाल पेन खिशातच राहिले होते.

बेबीताई फलटणच्या. त्यांचे लहानसे किराणा दुकान होते. पुड्या बांधायला रद्दी येई. गिऱ्हाईक नसले की बेबीताई ती रद्दी वाचीत. वाचता वाचता लिहावेसे वाटू लागले. गल्ल्यावर बसून, नवऱ्याला कळू न देता, त्या वहीत लिहीत आणि वही लपवून ठेवीत. कित्येक वर्षे घरात कोणाला पत्ता नव्हता. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषींना ते कळले आणि त्यांच्या आग्रहाने लिखाण बाहेर आले. १९८२ साली 'स्त्री' मासिकात ते क्रमाने छापले गेले. पुढे इंग्रजीत गेले, परमुलखात वाचले गेले. बेबीताई २०१२ साली वारल्या.

त्या पुस्तकात बेबीताईंनी महारवाड्यातली भूक लिहिली, गावकीचा जाच लिहिला, बाबासाहेब आंबेडकरांमुळे माणसे कशी ताठ उभी राहिली ते लिहिले. पण आपल्या माणसांना त्यांनी सोडले नाही. घरात सुनांचा काय छळ होई तेही लिहिले. गाव आम्हाला छळते हे सांगायला धैर्य लागते. आमच्याच घरात आम्हीच आमच्या पोरींना छळतो, हे सांगायला जास्त लागते. आणि नाव 'जिणं माझं' नाही, 'आमुचं' आहे. एका बाईने लपूनछपून आपले लिहायला घेतले आणि तिला दिसले, की हे एकटीचे नाहीच.

लिहिल्याने मन हलके होते, हे खरेच असते की नुसते म्हणायचे, अशी शंका काही जण काढतील. याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात जेम्स पेनेबेकर नावाचे मानसशास्त्राचे अभ्यासक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या एका विद्यार्थिनीने १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या मुलामुलींना रोज पंधरा मिनिटे, असे लागोपाठ चार दिवस लिहायला बसवले. काहींना साध्या गोष्टी लिहायला सांगितल्या. काहींना आयुष्यातला मोठा घाव लिहायला सांगितला. ज्यांनी काय घडले तेही लिहिले आणि तेव्हा मनात काय झाले तेही लिहिले, त्यांना पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. नुसती घटना लिहिणाऱ्यांना तसा गुण आला नाही. पुढे असे प्रयोग पुष्कळ झाले. सगळ्यांना सारखा उपयोग होतो असे दिसले नाही, आणि होतो तोही जादूसारखा नाही. तरी काही एक होतो.

या प्रयोगातली एक गोष्ट आम्हाला विशेष झोंबली. लिहिणाऱ्यांना अशा वेळी आधीच सांगून ठेवतात, की शुद्धलेखनाची, व्याकरणाची काळजी करू नका.

असे का होत असावे? आमच्या समजुतीप्रमाणे सांगतो. मनात कोंडलेले दुःख गुंतलेल्या लोकरीसारखे असते. त्याला टोक नसते. लिहायचे म्हटले की आधी काय, मग काय, हे ठरवावेच लागते. टोक सापडते. जात्यावरही तेच होत असे; ओवीला पहिली ओळ असते, मग दुसरी. दुसरे असे, की लिहिणारी बाई आपल्याच गोष्टीची मालकीण होते. घडले तेव्हा तिच्या हातात काही नव्हते. सांगताना कोठून सुरू करायचे, काय ठेवायचे, काय गाळायचे, हे तिच्या हातात असते.

तुम्हाला लिहावेसे वाटले तर आमचे सांगणे थोडे आहे. घरात ज्या भाषेत बोलता तिच्यातच लिहा. जोडाक्षर अडले तर कसेही लिहा, पुढे चला. एका बसणीला पंधरा मिनिटे पुरेत. कोणाला दाखवायचे नसेल तर दाखवू नका. पान फाडून चुलीत घातले तरी लिहिलेले फुकट जात नाही. लिहायचा कंटाळा आला तर नातीला ओवी सांगा आणि तिला उतरवून घ्यायला लावा.

एक धोका मात्र सांगून ठेवला पाहिजे. जुना घाव उघडला की आधी दुखतो. त्या टेक्सासच्या मुलांनाही लिहून उठल्यावर लगेच वाईटच वाटले होते. एक-दोन दिवस जड गेले तर घाबरू नका. पण झोप उडाली, जेवण तुटले, जीव नकोसा झाला, तर वही बाजूला ठेवा आणि माणसाजवळ बोला. सरकारने १४४१६ हा फोन नंबर ठेवला आहे. त्याला 'टेली मानस' म्हणतात. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. वही म्हणजे डॉक्टर नव्हे. मार खाणाऱ्या बाईचा मारही वही थांबवीत नाही; त्यासाठी पोलीस, कायदा, शेजारीपाजारी, हेच लागतात. कारखान्याच्या हिशेबात अर्धा कोयता लिहिलेले आक्कांच्या लिहिण्याने पुसले जात नाही. त्याची लढाई वेगळी आहे आणि ती चालू आहे.

आक्कांकडे आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते शांताबाईंचे पुस्तक घेऊन. वाचा म्हटले, नुसते वरचे नाव वाचा. आक्कांनी बोट ठेवून वाचले. "माज्या... जल्माची..." मग आमच्याकडे पाहिले. "हे असं छापत्यात?"

"छापतात," आम्ही म्हणालो. "आणि तुमचे पान आम्ही बिघडवले. माफ करा."

"माफी कसली मागता, गुरुजी. वरून दुसरं पान लावलंय मी." त्यांनी ते दिनदर्शिकेचे पान आणले. आमच्या लाल खुणांवर दुसरा कागद खळीने चिकटवला होता आणि तेच सगळे पुन्हा लिहिले होते. व्हती, न्हाई, आणि शेवटच्या ओळीत ते नाव.

पुढच्या आठवड्यात आक्का वर्गाला आल्या. शंभर पानी वही विकत घेतली होती. आम्हाला ती वाचायला देत नाहीत, आम्ही मागतही नाही. मधूनमधून एखादे अक्षर विचारतात. "ठ आणि ढ यांत माझा गोंधळ व्हतो, एकदा दाखवा." दाखवले की वहीवर हात आडवा धरून लिहू लागतात. कोठवर आले, असे एकदा विचारले, तेव्हा म्हणाल्या, "सासरी आले आता. सासू यायचीय अजून." आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

दिवाळी झाली. टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, कोपीचे पाचट-बांबू, दोन शेळ्या, वर पोरे. आक्कांनी वही पिठाच्या डब्यात घातली होती, वरून फडके. निघताना आमच्याकडे दोन पेने मागितली. दोन कशाला, आम्ही विचारले.

"एक सरलं तर?" त्या म्हणाल्या. "मार्चपतोर यायचं न्हाई मी."